मराठवाड्याचा उन्हाळा आणि टर्बोप्रॉपची शिस्त

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी औरंगाबादपासून वेगळा झाला, पण विमानापुरता तो आजही जुन्या जिल्ह्याशीच बांधलेला आहे. जालन्याजवळ एक लहान धावपट्टी आहे खरी. मुंबई-दिल्लीचे तिकीट मात्र काढायचे ते औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचे. जालन्याहून निघाले की शहर लागण्याआधी विमानतळच लागतो. आता अंबडच्या किंवा परतूरच्या एखाद्या घरात संगणकावर सिम्युलेटर उघडून याच धावपट्टीवरून एटीआर हे टर्बोप्रॉप विमान उडवता येते. तसे करणाऱ्याने खऱ्या वैमानिकासारखी चेकलिस्ट ओळीने पाळावी, की थेट इंजिन सुरू करून आभाळ गाठावे? हा प्रश्न केवळ हौसेचा वाटतो. मला तो इतिहासाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर चिकलठाण्याच्या धावपट्टीतच आहे.

भारतात टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइन इंजिनाने पंखा फिरवणारे विमान प्रवाशांसाठी आले ते 1957 मध्ये, इंडियन एअरलाइन्सच्या व्हायकाउंटच्या रूपाने. पुढे कानपूरला ॲव्रो 748 बांधले जाऊ लागले. तिथल्या पहिल्या ॲव्रोने 1 नोव्हेंबर 1961 रोजी उड्डाण केले. दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई हा पर्यटकांचा मार्ग. वेरूळ-अजिंठ्याला येणारी माणसे त्यावरून याच ॲव्रोने ये-जा करीत. या विमानाला रोल्स-रॉईसची दोन डार्ट इंजिने होती आणि डार्टला उन्हाळा सोसत नसे. हवा तापली की विरळ होते, इंजिनाला तेवढी हवा मिळत नाही, आणि इंधन तेवढेच सोडले तर आतले तापमान मर्यादेबाहेर जाते. म्हणून वैमानिकाला बाहेरचे तापमान आणि हवेचा दाब पाहून, तक्त्यावरून इंधनाचे प्रमाण जुळवावे लागे. गरज पडेल तेव्हा पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण इंजिनात सोडून उड्डाणापुरती गेलेली ताकद परत मिळवावी लागे. चिकलठाणा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 फूट उंच आहे. मे महिन्यात पारा 40 अंशांवर गेला की तिथली हवा इंजिनाला आणि पंखाला 5,000 फुटांहून अधिक उंचीवरची वाटते. तक्ता उघडून आकडा लावणे हा त्या कॉकपिटमध्ये सोपस्कार नव्हता. विमान कुंपणावरून पार होणार की नाही, हे त्यावरच ठरे.

याच मार्गावर पुढे बोइंग 737 आले. धावपट्टी मात्र सुमारे 6,000 फुटांचीच राहिली. 26 एप्रिल 1993 रोजी दुपारी एकच्या सुमारास इंडियन एअरलाइन्सचे 491 क्रमांकाचे विमान जवळजवळ पूर्ण भाराने चिकलठाण्याहून मुंबईकडे निघाले. आत 118 जण होते. धावपट्टी संपल्यावर पुढच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकला रस्त्यापासून सुमारे सात फुटांवर धडकला. पुढे विमान उच्च दाबाच्या तारांना अडकले आणि जमिनीवर कोसळले. 55 माणसे गेली. चौकशीने दोन कारणे नोंदवली. वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक; आणि उड्डाणाच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती, हे दुसरे.

इथे दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे जेट होते, टर्बोप्रॉप नव्हे. खरे आहे. पण ठराविक वेगाला, ठराविक गतीने नाक उचलायचे हा नियम दोघांनाही लागू आहे, आणि तापलेल्या हवेत आखूड धावपट्टीवर तो दोघांनाही सारखाच कडक होतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोष रस्त्याचा होता, मग तो कॉकपिटच्या शिस्तीवर का टाकायचा? चौकशीने तो एकट्या कॉकपिटवर टाकलेला नाही, आणि मीही टाकत नाही. विमान निघण्याआधी रस्त्याचे फाटक बंद झाले की नाही, हेसुद्धा यादीतलेच एक कलम आहे. फक्त ते दुसऱ्या कोणाच्या हातात असते. दोन कलमे एकाच दुपारी सुटली आणि त्यांची किंमत कापसाच्या एका साध्या ट्रकने उघड केली. जालना-बीड पट्ट्यात असे ट्रक रस्त्यावर असणारच. कार्यपद्धती लिहिताना हे माहीत असायला हवे होते.

चेकलिस्टचा जन्मही असाच अपघातातून झाला. 30 ऑक्टोबर 1935 रोजी अमेरिकेत राईट फील्डवर बोइंगचे मॉडेल 299 उडताच कोसळले, कारण जमिनीवर वाऱ्यापासून जपण्यासाठी लावलेले शेपटीच्या पृष्ठभागांचे कुलूप काढायचे राहिले होते. चालवणारे नवशिके नव्हते. त्यानंतर स्मरणावर विसंबणे सोडून लिहिलेली यादी वाचण्याची पद्धत रुजली. सिम्युलेटरचा उगम त्याआधीचा, 1929 चा. ऑर्गनच्या कारखान्यात वाढलेल्या एडविन लिंकने हवेच्या भात्यांवर झुलणारी पेटी बनवली. तिच्यात बसवून ढगात उडण्याची सवय जमिनीवरच करून घेता येऊ लागली. यादी आणि पेटी पुढे एकत्र आल्या, आणि आज पूर्ण गतिमान सिम्युलेटरवर उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रवासी विमानाचा परवाना मिळत नाही.

घरच्या संगणकावरचा सिम्युलेटर त्या दर्जाचा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. त्याचा एक तासही परवान्यात धरला जात नाही. हातांना येणारा जोर, खुर्चीतून जाणवणारा वेग, बाजूच्या सहवैमानिकाचा आवाज, यांतले काही त्यात नसते. त्याहून वाईट म्हणजे तो चुकीला माफ करतो. सेसना कॅरव्हॅन या लहान टर्बोप्रॉपच्या इंजिनाचे उदाहरण घेऊ. आधी बॅटरीचा दाब 24 व्होल्टपेक्षा कमी नाही ना ते पाहायचे. मग स्टार्टर लावायचा, गॅस जनरेटरच्या फेऱ्या 12 टक्क्यांवर स्थिर होऊ द्यायच्या, आणि तेव्हाच कंडिशन लीव्हर पुढे सरकवून इंधन द्यायचे. नजर तापमानाच्या काट्यावर ठेवायची, कारण सुरू होताना 1,090 अंशांच्या वर ते जाता कामा नये. घाईने, कमी फेऱ्यांवर इंधन दिले तर खरे इंजिन आतून भाजते आणि दुरुस्तीचा खर्च लाखांत जातो. अनेक सिम्युलेटरांत मात्र काहीच होत नाही. इंजिन निमूट सुरू होते. म्हणून काहींचा निष्कर्ष असा, की अशा यंत्रावर कार्यपद्धती पाळणे म्हणजे नाटक. मला उलटे वाटते. यंत्र शिक्षा करत नाही तिथे शिस्त माणसाकडूनच यावी लागते. खऱ्या विमानातही बहुतेक चुकांना त्या क्षणी शिक्षा मिळत नाही, हेही विसरता येणार नाही. मॉडेल 299 चे कुलूप धावपट्टीवर उभे असताना कोणाला खुपले नव्हते.

आधुनिक टर्बोप्रॉपमध्ये संगणकच सगळे सांभाळतो, असाही युक्तिवाद ऐकू येतो. तो एटीआरला बराचसा लागू पडतो. डार्टसारखे इंधन हाताने जुळवणे तिथे उरलेले नाही. तरीही 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआरमध्ये एका इंजिनाच्या पंख्याच्या यंत्रणेत बिघाड झाला. तो पंखा आपोआप फेदर झाला, म्हणजे त्याची पाती वाऱ्याला समांतर होऊन ओढ थांबली, आणि वैमानिकाने चालू असलेले दुसरे इंजिन बंद केले. 43 जण मेले. त्या कॅप्टनच्या सिम्युलेटर परीक्षेत इंजिन बंद पडण्याच्या सरावातल्या उणिवा आधीच नोंदलेल्या होत्या. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळमधल्या पोखऱ्यात दुसरे एक एटीआर उतरताना फ्लॅपचा लीव्हर हलवायच्या जागी दोन्ही कंडिशन लीव्हर फेदरवर गेले. विमानातले सर्व 72 जण गेले. दोन्ही ठिकाणी विमान उडत ठेवण्याइतके यंत्र शाबूत होते. लीव्हरला हात लावण्याआधी त्याचे नाव मोठ्याने घेणे, दुसऱ्याने तो खात्रीने पाहणे, मगच हलवणे, हा एवढासा क्रम तुटला. हे शिकायला लाखो रुपयांची खुर्ची लागत नाही. टेबलावरच्या सिम्युलेटरवर, एकट्यानेही, आवाज काढून ते घोटता येते.

मराठवाड्यातही टर्बोप्रॉप पुन्हा आले. 2015 पासून ट्रूजेटची एटीआर हैदराबाद-औरंगाबाद उडू लागली, आणि 27 एप्रिल 2017 रोजी उडान या प्रादेशिक विमानसेवेच्या योजनेच्या पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होते. चिकलठाण्याची धावपट्टी आता सुमारे 9,300 फूट आहे, त्यामुळे 1993 ची ती दुपार सिम्युलेटरवर जशीच्या तशी मांडता येत नाही. पण हवामानात तापमान 42 अंश, पूर्ण भार आणि धावपट्टीचे पहिले 6,000 फूटच वापरायचे, असे ठरवून जालन्याच्या दिशेने उड्डाण घ्यावे. आधी तक्त्यावरून वेग काढून कागदावर लिहावेत, कोणत्या वेगानंतर थांबता येणार नाही हे मोठ्याने म्हणावे, आणि त्या वेगाच्या किंचित पुढे एक इंजिन बंद करावे. प्रत्येक वेळी नाक कोणत्या वेगाला उचलले, ते त्या कागदावर टिपून ठेवावे.