मुसीकाठचे आपले हायकोर्ट

नांदेड-लातूरच्या न्यायदानाचा इतिहास शोधताना मी पोचतो तो थेट हैदराबादेत, मुसी नदीकाठी. व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाची ती लाल वालुकाश्माची घुमटदार हायकोर्ट इमारत १९२० साली सातव्या निजामाने खुली केली. १९५६ पर्यंत ती आपलीही होती. गोदाकाठच्या बांधाचा तंटा अपिलात तिथवर जाई. निजामी अमलात कागद उर्दूत, पक्षकार मराठी! घुमटांत लोकांना निजामाचे वैभव दिसते, मला आपल्या कुळांचे रेल्वेभाडे दिसते. राज्यपुनर्रचनेनंतर अपिले मुंबईला गेली, म्हणजे हेलपाटा कायमच. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला खंडपीठ बसले, तेव्हा तो घटला. लातूर जिल्हा झाला तो त्यानंतर, १९८२ मध्ये; तोवर लातूर उस्मानाबादेत मोडे.