जुन्या मोटारींची प्रज्वलन-व्यवस्था आणि दोषशोधनाची परंपरा : खानदेशच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मोटारीचा इतिहास बहुधा कारखाने, उद्योगपती आणि शासकीय धोरणे यांच्या आधारे लिहिला जातो. मोटार प्रत्यक्ष चालू ठेवणाऱ्या मिस्त्रीला त्यात क्वचितच स्थान मिळते. धरणगाव हे कापसाच्या बाजारपेठेचे व बालकवींच्या जन्माचे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. सुरत-नागपूर महामार्ग मात्र एरंडोलवरून जातो. अशा आडबाजूच्या गावी गाडी बंद पडली, तर कंपनीच्या अधिकृत केंद्राचा उपयोग नसे. आधार असे तो स्थानिक मिस्त्रीच्या अनुभवाचा. या अनुभवाचे स्वरूप व त्याची ऐतिहासिक कारणे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रज्वलन-व्यवस्थेचा विकास :
पेट्रोल एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण नेमक्या क्षणी पेटवावे लागते. १९०२ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल व पॉइंट यांवर आधारलेली पद्धती विकसित केली आणि १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारीत ती वापरात आली. तिचे तत्त्व सोपे आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होते; ते उघडताच हे क्षेत्र कोसळते आणि हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. डिस्ट्रिब्युटरमधील रोटर तो क्रमाने प्रत्येक प्लगकडे पोहोचवतो. चार सिलिंडरचे एंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना अशा १०० ठिणग्या दर सेकंदाला पडतात. पुढील सहा-सात दशके जगभरातील बहुसंख्य मोटारी याच तत्त्वावर चालल्या.

भारतीय पार्श्वभूमी :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केवळ सुटे भाग जोडणाऱ्या विदेशी कंपन्यांनी काढता पाय घेतला आणि बाजारपेठ मोजक्या देशी उत्पादकांकडे राहिली. कुर्ल्याची फिएट ११०० पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. उत्तरपाड्याची अँबॅसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली. १९५१ मध्ये स्थापन झालेली मायको आणि १९६१ मधील ल्युकास-टीव्हीएस यांच्यामुळे प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर इत्यादी भाग देशातच मिळू लागले.

या मर्यादित बाजारपेठेबद्दल ग्राहकांनी पुष्कळ तक्रारी केल्या व त्या रास्तही होत्या. तथापि तिचा एक अनपेक्षित परिणाम झाला. तीच रचना अनेक दशके टिकल्यामुळे मिस्त्रीचे ज्ञान शिळे झाले नाही. उस्तादाने शिकवलेले शागिर्दाला आयुष्यभर पुरले.

दोषशोधनाची रीत :
या ज्ञानाचा गाभा क्रमात होता. विजेचा मार्ग बॅटरीपासून प्लगपर्यंत ज्या दिशेने जातो, त्याच दिशेने शोध घ्यावयाचा. प्रथम बॅटरीची टोके व अर्थिंग. नंतर कॉइलपर्यंत ‘करंट’ येतो की नाही, हे लहान दिव्याने पाहणे. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून पॉइंटची तपासणी होई. अँबॅसेडरच्या पॉइंटमधील अंतर इंचाच्या १४ ते १६ सहस्रांश, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मि.मी. ठेवावे लागे. कॉइलची मधली तार एंजिनापासून थोड्या अंतरावर धरून ठिणगी पाहिली जाई. ती निळी व कडकडीत असेल तर कॉइलपर्यंत सर्व ठीक आणि दोष रोटर, झाकण, तारा वा प्लगमध्ये. पिवळी व अशक्त असेल, तर कॉइल, पॉइंट किंवा कंडेन्सर संशयित. पॉइंट वारंवार जळत असतील तर ते केवळ घासून भागत नसे. मूळ दोष बहुधा कंडेन्सरमध्ये असे. प्लगवरील काजळी, तेलकटपणा किंवा पांढुरका रंग यांवरून एंजिनाची प्रकृती कळे.

मराठी पारिभाषिक लेखनात प्लगला ‘ठिणगी गुडदी’ असा शब्द आहे. गॅरेजात मात्र ‘प्लग’, ‘पॉइंट’, ‘टायमिंग’ हेच शब्द रुळले. ग्रंथातील परिभाषा व हातातील विद्या यांच्यातील हे अंतर लक्षणीय आहे.

हवामानाचा संदर्भ :
खानदेशातील उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या जवळ जातो. सकाळी सुरळीत चालणारी गाडी दुपारी अचानक बंद पडणे आणि तासाभराने पुन्हा सुरू होणे, या प्रकाराची दोन कारणे संभवतात. एक, तापलेल्या कॉइलमधील तारांचे आवरण दुबळे होणे. दुसरे, पेट्रोलच्या नळीत वाफ कोंडणे. लक्षणे सारखी, उपाय भिन्न. गाडी बंद पडताक्षणी ठिणगी तपासली तरच खरे कारण सापडते. गार झाल्यावर पुरावा नाहीसा होतो. पावसाळ्यात याउलट झाकणात दमटपणा शिरून वीज भलत्या वाटेने निसटते. तेथे कोरडे फडके पुरेसे ठरते.

परंपरेचा ऱ्हास :
डिझेल एंजिनात ठिणगीची गरजच नसते. त्यामुळे डिझेल गाड्या वाढल्या तशी या विद्येची मागणी घटली. एप्रिल २००० पासून लागू झालेल्या उत्सर्जन-मानकांनंतर नव्या मोटारींत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन व इंधन-अंतःक्षेपण सार्वत्रिक झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतील शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे सेवेतून बाहेर पडली. दुसरीकडे, २०२१ च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. वाहनाला असे संरक्षण मिळाले. ते चालू ठेवणाऱ्या ज्ञानाला तसे कोणतेही संरक्षण नाही.

निष्कर्ष :
१) दुरुस्तीची परंपरा ही मर्यादित व दीर्घकाळ स्थिर राहिलेल्या उत्पादनाची परिणती होती.
२) तिची पद्धती क्रमबद्ध, कारणमीमांसेवर आधारित व स्थानिक हवामानाशी जुळवून घेणारी होती, म्हणून तिला केवळ ‘अडाणी कसब’ मानणे योग्य नाही.
३) हे ज्ञान मौखिक असल्याने वृद्ध मिस्त्रींबरोबर ते लुप्त होण्याचा धोका आहे.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने या मिस्त्रींच्या मुलाखती, त्यांची अवजारे आणि त्यांची बोली यांची नोंद करणे अगत्याचे आहे. संग्रहालयात उभी असलेली मोटार इतिहासाचा पुरावा असतेच. परंतु ती सुरू कशी करावयाची, हे सांगणारा कोणी उरला नाही, तर तो पुरावा अपुरा राहील.