तेरा फेब्रुवारी आणि सव्वीस फेब्रुवारी

बनेद अल-गारमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून कुवेत टॉवर्स दिसतात. २५ फेब्रुवारीचा राष्ट्रीय दिन आणि २६चा मुक्तिदिन अशा लागोपाठच्या सुट्ट्यांत गल्फ रोडवर झेंडे लावलेल्या गाड्यांची रीघ लागते. अशाच एका संध्याकाळी मंडळातले काही ज्येष्ठ सभासद आमच्याकडे चहाला आले होते. अपेक्षेप्रमाणे १९९०च्या आठवणी निघाल्या. २ ऑगस्टला इथून जवळच असलेल्या दसमान राजवाड्यावर झालेला हल्ला, बसने बगदादमार्गे अम्मानचा प्रवास, वाळवंटातल्या छावण्या आणि शेवटी मुंबईला नेणारे एअर इंडियाचे विमान. एक लाखाहून अधिक भारतीय त्या काळात असे मायदेशी परतले.

एक काका म्हणाले, "त्या बेचाळीस दिवसांच्या बॉम्बफेकीचे आपण ऋणी आहोत. ती झाली नसती तर आपण पुन्हा इथे आलोच नसतो." त्यावर कोणी काही बोलले नाही. मग काकू हलकेच म्हणाल्या, "बगदादमध्ये एका बाईने आम्हाला पाणी दिलं होतं, मुलांना खायला दिलं होतं. तिचं पुढे काय झालं असेल?" त्या प्रश्नामुळे हा लेख लिहायला बसलो.

शहरांवर बॉम्ब टाकू नयेत हा विचार नवा नाही. १९२३ साली हेग येथे कायदेपंडितांनी हवाई युद्धाचे नियम तयार केले होते. केवळ नागरिकांना दहशत बसावी म्हणून बॉम्बफेक करण्यास त्यांत मनाई होती. पण ते नियम कोणत्याही राष्ट्राने स्वीकारले नाहीत. १ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी लढणाऱ्या राष्ट्रांना नागरी वस्तीवर बॉम्ब न टाकण्याचे आवाहन केले. पुढच्या सहा वर्षांत काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे.

हे कसे घडले यात आम्हा अभियंत्यांना रस वाटावा असा एक धागा आहे. ऑगस्ट १९४१मध्ये ब्रिटनमध्ये विमानांतून काढलेली छायाचित्रे तपासून एक अहवाल सादर झाला. 'लक्ष्यावर हल्ला केला' असे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानेच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचली होती, असे त्यात दिसले. कारखाना टिपता येत नाही, मग कारखान्याभोवतीचे शहरच टिपावे, असा पवित्रा पुढे घेतला गेला. १४ फेब्रुवारी १९४२च्या आदेशाने शत्रूच्या कामगारवस्तीचे मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवले. याच वाटेने हॅम्बुर्ग आणि ड्रेस्डेन ही शहरे जळाली. १३ फेब्रुवारी १९४५च्या रात्री सुरू झालेल्या हल्ल्यांत ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसे गेली. ९ मार्चच्या रात्री टोकियोत सुमारे एक लाख गेली.

म्हणजे नेम चुकतो ही शहरे जाळण्यामागची एक मोठी सबब होती. साहजिकच, नेम अचूक झाला की क्रौर्य संपेल अशी आशा वाटते. १९९१च्या युद्धात दूरदर्शनच्या पडद्यावर लेसरने नेम धरलेले बॉम्ब खिडकीतून आत शिरताना जगाने पाहिले. मीही शाळकरी वयात ती चित्रे पाहिली आणि भारावून गेलो. त्या युद्धात टाकलेल्या एकूण बॉम्बपैकी असे मार्गदर्शित बॉम्ब वजनाने दहा टक्क्यांहून कमी होते, हे खूप नंतर वाचले.

पण खरा प्रश्न या अचूक बॉम्बांचाच आहे. १३ फेब्रुवारी १९९१ रोजी पहाटे बगदादच्या अमीरिया भागातील एका निवाऱ्यावर दोन हजार पौंडांचे दोन लेसर-मार्गदर्शित बॉम्ब पडले. इराण-इराक युद्धात एकमेकांच्या शहरांवर क्षेपणास्त्रे डागली जात होती, त्या काळात हा निवारा बांधला होता. ते लष्करी नियंत्रण केंद्र आहे असा अमेरिकेचा समज होता. आत बायका-मुले झोपली होती. चारशेहून अधिक नागरिक मेले. दोन्ही बॉम्ब नेमके जिथे टाकायचे होते तिथेच पडले.

त्यानंतर बाराच दिवसांनी, २५ फेब्रुवारीला, धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र एका बराकीवर आदळून २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. ते अडवणाऱ्या पेट्रियट यंत्रणेतील संगणकाचे घड्याळ शंभर तास अखंड चालल्यावर सुमारे एक तृतीयांश सेकंद चुकले होते. एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्ण लिहिता येत नाही, त्यामुळे उरलेली ही चूक होती. सुधारलेली आज्ञावली २६ फेब्रुवारीला, म्हणजे कुवेत मुक्त झाले त्याच दिवशी, तिथे पोहोचली.

धाहरानची चूक आज्ञावलीत होती आणि ती दुरुस्त करता आली. अमीरियातली चूक आज्ञावलीत नव्हती. आत कोण आहे याची पुरती खात्री न करता निर्णय घेतला गेला. तो माणसाने घेतला होता. कोणतेही सॉफ्टवेअर तो आपल्या वतीने घेऊ शकत नाही, आणि घेऊही नये.

दुसरी गोष्ट विजेची. त्या हवाई मोहिमेत इराकची वीजनिर्मिती केंद्रे मोडली. वीज गेली की पाणी शुद्ध करणारे पंप थांबतात आणि सांडपाण्याची व्यवस्था कोलमडते. मार्च १९९१मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या पथकाने इराकची जी स्थिती वर्णन केली, तिचे मुख्य कारण हेच होते. इथे बॉम्ब वीजकेंद्रावर पडतो, पण आजारी पडते ते मूल कित्येक मैल दूर असते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. सद्दामच्या सैन्याने कुवेत लुटले, सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या, शेकडो माणसे पकडून नेली, त्यातली बरीचशी परत आली नाहीत. बळाचा वापर झाला नसता तर ते सैन्य स्वतःहून गेले असते असे मला वाटत नाही. पुढे २९ मार्च २००३च्या रात्री इराकी क्षेपणास्त्र इथल्या सूक शर्क मॉलजवळ आदळले. वेळ रात्रीची, मॉल बंद, म्हणून जीव वाचले. आपल्या मुलांना घेऊन आपण सुट्टीच्या दिवशी फिरायला जातो ते हे ठिकाण. तेव्हा युद्धातला दोष एकाच बाजूचा नाही, हे इथे राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

पण काकांचे ऋण खरे आणि काकूंचा प्रश्नही खरा. ऋण मानले म्हणजे प्रश्न विचारायचा नाही, असे नव्हे. उलट ज्यांना त्या बॉम्बफेकीचा फायदा झाला, त्यांनीच तो विचारायला हवा. लक्ष्य खरोखर लष्करी आहे का? आत कोण आहे हे कशावरून कळले? उद्या आणि परवा या हल्ल्याचा त्रास कोणाला होईल? नेम अचूक झाल्याने यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

या वर्षीही २६ फेब्रुवारीला आपण झेंडे पाहायला बाहेर पडू. त्याआधी तेरा दिवस, १३ तारखेला, आपल्या मुलांना अमीरियाबद्दल सांगावे अशी माझी विनंती आहे. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी अम्मानचा तो प्रवास केला, त्यांनी वाटेत कोणी पाणी दिले तेही लिहून ठेवावे.