वरदानाचं वेळापत्रक

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते. नव्या बॅचमध्ये पहिल्याच दिवशी कुणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, किती दिवसांत बोलता येईल?" मी हसून वेळ मारून नेते. अमेरिकेतल्या युटा राज्यात, प्रोव्हो गावी मात्र या प्रश्नाला रोखठोक उत्तर मिळतं. मॉर्मन पंथाची अठरा-एकोणीस वर्षांची मुलं तिथल्या प्रशिक्षण केंद्रात पूर्वी आठ-नऊ आठवडे, अलीकडे सहा आठवडे स्पॅनिश शिकतात आणि थेट ग्वातेमालात किंवा पेरूत जाऊन लोकांची दारं ठोठावतात. या केंद्राबद्दल माझ्या मनात थोडी असूया आहे, हे कबूल करते. त्या असूयेपोटीच मी त्याचा इतिहास वाचायला घेतला, आणि पहिला धक्का हा बसला की पंथ स्थापन झाला १८३० साली, आणि भाषेचा वर्ग निघाला १९६१ साली.

मधली एकशेतीस वर्षं भाषेची भिस्त देवावर होती. प्रेषितांच्या तोंडी पवित्र आत्म्यानं परक्या भाषा घातल्या, ही बायबलमधली कथा मॉर्मन लोक शब्दशः मानत. तरी १८५१ मध्ये पार्ली प्रॅट चिलीला निघाला तेव्हा त्यानं सोबत व्याकरणाचं पुस्तक घेतलंच. प्रॅट म्हणजे पंथाच्या बारा प्रेषितांपैकी एक, उत्तम लेखक, कसलेला वक्ता. सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं जहाज नोव्हेंबरात वाल्पाराइसोला लागलं. त्या दोन महिन्यांत तो स्पॅनिश घोकत होता. बरोबर गरोदर पत्नी फीबी आणि रुफस ॲलन नावाचा सहकारी. चिलीत तेव्हा यादवी पेटलेली. मूल जन्मलं आणि थोड्याच आठवड्यांत गेलं. पैसे संपले. समोरच्या माणसाशी श्रद्धेबद्दल वाद घालता येईल इतकी भाषा काही आली नाही. मार्च १८५२ मध्ये ती मंडळी परत फिरली, एकाही माणसाला बाप्तिस्मा न देता. (त्याच सुमारास ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक प्रचारक मुंबईत उतरला आणि पुढे आमच्या पुण्यातही राहिला. त्याचा वावर मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांतच होता.)

पुढचा टप्पा मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडतो, कारण त्यात एकही पंडित नाही. डॅनियल जोन्स हा मिसुरीचा पोरगा १८४७ मध्ये मेक्सिकोविरुद्धच्या लढाईत स्वयंसेवक म्हणून गेला आणि लढाई संपल्यावर काही वर्षं तिकडेच रमला. त्याचं स्पॅनिश तिथल्या माणसांत वावरून आलेलं. पुढे युटातून जाताना स्वतःच्याच पिस्तुलाची गोळी लागून तो जायबंदी झाला, मॉर्मन लोकांनी त्याची शुश्रूषा केली आणि तो त्यांच्यातलाच झाला. १८७४ मध्ये पंथाचा तेव्हाचा प्रमुख ब्रिगम यंग यानं त्याला आणि हेन्री ब्रिझीला मेक्सिकोच्या मोहिमेसाठी भाषांतराच्या तयारीला लागायला सांगितलं. त्याच सुमारास मेलितोन गोन्सालेस त्रेहो हा स्पेनचा माजी लष्करी अधिकारी, फिलिपिन्समध्ये नोकरी केलेला, सॉल्ट लेक सिटीत येऊन दाखल झाला. 'बुक ऑफ मॉर्मन' या पंथाच्या धर्मग्रंथाचं भाषांतर त्रेहोचं, तपासणी जोन्सची. पूर्ण ग्रंथ छापायला पैसा नव्हता, म्हणून वर्गणी काढून १८७५ मध्ये निवडक उताऱ्यांचं सुमारे शंभर पानांचं पुस्तक काढलं.

मुद्रितशोधनाची जोन्सची पद्धत त्याच्या १८९० च्या आत्मचरित्रात आहे. वाचताना कपाळाच्या मधोमधून एक बारीक धागा सुळसुळत बाहेर ओढला जातोय असं त्याला जाणवे, आणि चूक आली की त्या धाग्याला गाठ लागे. तो याला दैवी साहाय्य म्हणतो. मला मात्र ही जाणीव चांगली परिचयाची आहे. विद्यार्थ्यानं क्रियापदाचं रूप चुकवलं की नियम आठवायच्या आधीच कान टवकारतो. मेक्सिकोतल्या दोन-तीन वर्षांच्या सहवासानं जोन्सला तो कान दिला होता. व्याकरणाच्या बळावर तो येत नाही, हे प्रॅटच्या बाबतीत दिसलंच होतं.

ती पुस्तकं जनावरांवर लादून एक तांडा ॲरिझोनामार्गे १८७६ मध्ये मेक्सिकोतल्या चिवावा शहरात पोहोचला. त्या तांड्यात पार्ली प्रॅटचा मुलगा हेलामान होता. पुढे बहुपत्नीत्वविरोधी कायद्याचा ससेमिरा चुकवायला अनेक मॉर्मन कुटुंबं चिवावातच वसाहती करून राहिली. हेलामानचा मुलगा रे प्रॅट अशाच एका वसाहतीत, स्पॅनिश ऐकत वाढला. १९०७ पासून १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत मेक्सिकोतल्या प्रचाराची सूत्रं त्याच्या हाती होती, आणि १९२५ मध्ये दक्षिण अमेरिकेत पुन्हा पाऊल टाकायचं ठरलं तेव्हा ब्वेनोस आयरेसला जाणाऱ्या तिघांत तो होता. आजोबांना न साधलेली भाषा नातवाला आयती मिळाली.

पण अशी कुटुंबं किती असणार? बाकीच्या मुलांना सॉल्ट लेक सिटीत थोड्या दिवसांचं प्रशिक्षण देत, त्यात भाषा नसे. ती परदेशात सोबतच्या प्रचारक जोडीदाराकडून शिकायची. हे बदललं ते कुणा भाषाशास्त्रज्ञाच्या दूरदृष्टीमुळे नव्हे. मेक्सिको आणि अर्जेंटिनाचे व्हिसा रखडत होते आणि निघायला तयार असलेली मुलं नुसती बसून होती. त्यांना प्रोव्होच्या ब्रिगम यंग विद्यापीठात आणून डिसेंबर १९६१ मध्ये वर्ग सुरू केला. प्रमुख होते तिथले स्पॅनिशचे प्राध्यापक अर्नेस्ट विल्किन्स. १९६३ मध्ये त्याला स्वतंत्र मिशनचा दर्जा मिळाला, १९७६ मध्ये स्वतःच्या इमारती, १९७८ मध्ये आजचं नाव. शिकवणारे बहुतेक नुकतेच मिशनवरून, म्हणजे प्रचाराच्या कामगिरीवरून, परतलेले विद्यार्थी, म्हणजे कालचा शिष्य आजचा गुरू.

त्या काळच्या शिक्षणाचा कणा होता पाठांतर. १९६१ मध्येच पंथानं जगभरासाठी ठरावीक सहा पाठ काढले होते. प्रश्न कोणता विचारायचा, समोरचा काय म्हणेल, त्यावर आपण काय म्हणायचं, सगळं लिहिलेलं. ते स्पॅनिशमध्ये शब्दन्‌शब्द म्हणून दाखवायचं. साठच्या दशकात या दिव्यातून गेलेले एक गृहस्थ मला टेक्सासमध्ये भेटले होते. त्यांनी जेवणाच्या टेबलावर पहिला पाठ न अडखळता म्हणून दाखवला. उच्चार झकास! मग वेटरकडे कांदा वेगळा मागताना ते अडले आणि स्वतःच खो खो हसले. पुनरुत्थान, पश्चात्ताप, बाप्तिस्मा हे शब्द त्यांच्याकडे बाजारहाटाच्या आधी आले होते.

मला पाठांतराचं वावडं नाही. रामरक्षा कळण्याच्या आधी पाठ झालेल्या पिढीतली मी. तोंडाला वळण लागतं, भीड चेपते. माझी तक्रार वेगळी आहे: लिहून ठेवलेल्या संवादात समोरचा माणूस आपल्याला हवं तेच बोलतो, त्यामुळे ऐकायची गरजच उरत नाही. पंथालाही हे उमगलं असावं. १९८६ मध्ये घोकंपट्टी सैल केली आणि २००४ पासून आपल्या शब्दांत, समोरच्याला पाहून बोला, असं नवं मार्गदर्शक पुस्तक आलं.

माझ्या मते या मुलांचं खरं स्पॅनिश प्रोव्होत घडतच नाही. ते नंतर मिशनच्या दोन वर्षांत घडतं, मुलींच्या बाबतीत दीड वर्षात. जोडीदार कायम सोबत, तो बऱ्याचदा स्थानिक. आणि रोज नकार ऐकायचा, तोही वेगवेगळ्या शब्दांत. माझ्या वर्गात मी यातलं काहीच देऊ शकत नाही. प्रोव्होचे आठवडे मुलांना त्या दारापर्यंत नेऊन उभं करतात, इतकंच; जोन्सला मेक्सिकोनं जे दिलं ते दाराच्या पलीकडे मिळतं.

२०१३ मध्ये पंथानं स्पॅनिशचा मोठा वर्ग मेक्सिको सिटीतच नेला. जागा मात्र मोकळी नव्हती. तिथे बेनेमेरितो दे लास अमेरिकास ही पंथाचीच निवासी शाळा होती. १९६४ मध्ये निघालेली, गावोगावच्या मेक्सिकन मुलांनी शिकून वर यावं म्हणून. ती बंद करून वसतिगृहं प्रशिक्षणार्थींना दिली. हिशेब समजण्यासारखा आहे: मिशनला निघायचं वय नुकतंच खाली आणलं होतं, नोंदणी एकदम वाढली होती, प्रोव्होत जागा पुरत नव्हती. तरी शिक्षिका म्हणून मला ती अदलाबदल पटलेली नाही. स्पॅनिश ज्यांची मायबोली, त्यांची शाळा गेली आणि ती शिकायला येणाऱ्यांची आली.