पृच्छकाचा अधिकार : लंडनच्या ‘अथीनियन मर्क्युरी’चा (१६९१–१६९७) एक विचार

प्रश्नोत्तररूपाने नाना विषयांची माहिती देणारी पुस्तके आज विपुल आहेत. स्पर्धापरीक्षेच्या उमेदवाराच्या हाती ती असतात आणि बक्षिसांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांमागेही तीच असतात. या सर्व साहित्यात एक गोष्ट समान आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. येथे प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर आधीच ठाऊक असते. तेव्हा ही पृच्छा नसून परीक्षा होय. महाभारताच्या आरण्यकपर्वात सरोवराकाठी पांडवांना अडविणारा यक्ष याच जातीचा पृच्छक आहे. त्याला काही जाणून घ्यावयाचे नाही, समोरचा किती जाणतो हे पाहावयाचे आहे.

ज्याला खरोखर ठाऊक नाही त्याने विचारावयाचे, ही रीतही आपल्याकडे जुनीच आहे. परंतु तिला अधिकाराची अट होती. प्रश्नोपनिषदातील सहा जिज्ञासू हाती समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे येतात, तेव्हा ते त्यांना प्रथम वर्षभर तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांनी राहण्यास सांगतात. मग हवे ते विचारा, आम्हांस ठाऊक असेल तर सर्व सांगू, असे त्यांचे आश्वासन आहे. ‘ठाऊक असेल तर’ ही पुस्ती मोठी प्रांजळ आहे, आणि पुढे ज्या उत्तरदात्यांचा परिचय करून द्यावयाचा आहे त्यांच्याजवळ ती क्वचितच आढळते. असो. सांगावयाचे ते इतकेच की, प्रश्नोत्तरांच्या इतिहासात उत्तरांपेक्षा पृच्छकाकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. कोणास विचारता येत होते, आणि त्यासाठी त्याला काय द्यावे लागत होते? सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये या प्रश्नाला एक अगदी नवे उत्तर मिळाले : एक पेनी, आणि नाव सांगण्याची गरज नाही.

जॉन डंटन (१६५९–१७३२) हा लंडनच्या पोल्ट्री नामक रस्त्यावरील पुस्तकविक्रेता व प्रकाशक होता. त्याच्या दुकानावर डोमकावळ्याचे चिन्ह असे. माणूस कल्पक, चंचल आणि कर्जात बुडण्यात पटाईत. १६८६ मध्ये तो पुस्तके विकण्यासाठी व येणे वसूल करण्यासाठी अमेरिकेत बॉस्टनपर्यंत जाऊन आला होता. आपले नाव गुप्त ठेवून कोणालाही कोणत्याही विषयावर प्रश्न विचारता यावा, असे पत्र काढण्याची कल्पना त्याला एके दिवशी चालता चालता सुचली. सोबतच्यांना तो म्हणाला की, हा विचार मी पन्नास गिनींनाही विकणार नाही. ही हकीकत त्याच्याच १७०५ च्या आत्मचरित्रातील असल्यामुळे तिच्यातील आत्मप्रौढीचा अंश वजा करूनच ती घ्यावी. पहिला अंक १७ मार्च १६९१ रोजी निघाला. तत्कालीन इंग्रजी पंचांगात वर्षारंभ २५ मार्चला होत असल्यामुळे त्या दिवसाचे साल १६९० असेच लिहिले जाई, ही गोष्ट तारखा जुळविताना ध्यानात ठेवावी लागते. आरंभीचे नाव ‘अथीनियन गॅझेट’ असे होते. पण ‘गॅझेट’ हा शब्द सरकारी वृत्तपत्राचा असल्यामुळे लगेच ते बदलून ‘अथीनियन मर्क्युरी’ झाले. अथेन्सचे नाव बायबलातून आले आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या सतराव्या अध्यायात अथेन्सचे लोक नवे काही ऐकण्यात व सांगण्यातच सारा वेळ घालवितात असे म्हटले आहे. मूळ संदर्भात ही स्तुती खचित नाही. डंटनने तिलाच बिरुद करून टाकले.

पत्राचे स्वरूप साधे होते. दोन्ही बाजूंनी छापलेला एकच कागद, किंमत एक पेनी. प्रारंभी साप्ताहिक, पण लवकरच आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शनिवारी, तो निघू लागला. प्रश्न स्टॉक्स मार्केटजवळील स्मिथच्या कॉफीगृहाच्या पत्त्यावर पाठवावयाचे. या व्यवस्थेमागे दोन नव्या सोयी होत्या व त्यांच्याविना हे पत्र संभवतच नव्हते. एक म्हणजे कॉफीगृहे. तेथे पेल्याच्या किमतीत वर्तमानपत्रे वाचावयास मिळत आणि निरनिराळ्या थरांतील पुरुष एकाच बाकावर बसत. दुसरी म्हणजे शहरातल्या शहरात एका पेनीत पत्र पोहोचविणारे टपाल. विल्यम डॉक्रा याने ते १६८० मध्ये सुरू केले व १६८२ मध्ये सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. कॉफीगृहात न जाणाऱ्या स्त्रीला, मालकाच्या घरी शिकणाऱ्या उमेदवार कारागिराला, चारचौघांत तोंड उघडण्याचा संकोच असलेल्या कोणालाही आता विचारता येणार होते. कित्येकदा एका वेळी शेकडो पत्रे आपली वाट पाहत पडलेली असत, असे डंटनने लिहून ठेवले आहे.

नानाविध प्रश्नांची चर्चा करून ती छापण्याचा उपक्रम याआधी पॅरिसमध्ये झाला होता. तेओफ्रास्त रनोदो याने १६३३ ते १६४२ या काळात दर सोमवारी अशा सभा भरविल्या, व त्यांचे वृत्तान्त पुढे इंग्रजीतही आले. तेथे एकाच प्रश्नावर अनेक मते मांडली जात आणि निर्णय वाचकावर सोडला जाई. परंतु बोलणारे सभेस आलेले असत. लंडनच्या पत्रात विचारणारा कोठेच उपस्थित नव्हता, हा भेद महत्त्वाचा आहे.

पहिल्या अंकातील प्रश्न पाहिले म्हणजे विषयांच्या सरमिसळीची कल्पना येते. नरकातील यातना स्वर्गस्थांना दिसतात काय? प्रत्येक माणसापाशी एक चांगला व एक वाईट देवदूत असतो काय? लाझारस चार दिवस थडग्यात होता तेव्हा त्याचा आत्मा कोठे होता? पतीने पत्नीला मारणे न्याय्य आहे काय? चंद्रावर डाग कशाने पडले? पहिला अंक निघण्यापूर्वी वाचकांकडून प्रश्न येणे शक्य नव्हते, तेव्हा ही यादी चालकांनी स्वतःच सिद्ध केली असली पाहिजे. पुढील अंकांतीलही काही प्रश्न घरचेच असावेत, असा संशय घेण्यास जागा आहे. पण सारेच प्रश्न बनावट म्हणता येत नाहीत. कालांतराने विवाह, वचनभंग, हुंडा, मालक-उमेदवारांचे तंटे यांसंबंधीचे प्रश्न इतक्या बारीकसारीक तपशिलांसह येऊ लागतात की ते कोणी बसून रचले असतील असे वाटत नाही. ग्रहगोल व देवदूत यांची कारणमीमांसा विचारणाऱ्या प्रश्नांशेजारीच, एकीला शब्द देऊन दुसरीवर मन बसलेल्या तरुणाने काय करावे, हा प्रश्न उभा असतो. आज आपण ज्याला सामान्यज्ञान म्हणतो त्यातून हा दुसरा प्रकार पूर्णपणे गळून पडला आहे. त्या काळी दोहोंमध्ये भिंत नव्हती.

स्त्रियांच्या प्रश्नांसंबंधी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. स्त्रियांनी प्रश्न पाठविले तर चालतील काय, असा प्रश्न पहिल्या काही महिन्यांतच आला आणि त्याला अनुकूल उत्तर मिळाले. मग दर महिन्याचा पहिला मंगळवार स्त्रियांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवण्यात आला. स्त्रियांनी विद्या संपादन करणे उचित आहे काय, या प्रश्नावर पत्राने होकारार्थी निर्णय दिला. एलिझाबेथ सिंगर या तरुण कवयित्रीच्या कविता प्रथम याच पत्रातून निनावी प्रसिद्ध झाल्या व १६९६ मध्ये डंटननेच त्यांचा संग्रह काढला. यावरून डंटनला स्त्रीशिक्षणाचा पुरस्कर्ता ठरविणे घाईचे होईल. त्याला ग्राहक हवे होते, आणि वाचणाऱ्या स्त्रिया हा आजवर कोणी न ओळखलेला ग्राहकवर्ग होता. १६९३ मध्ये ‘लेडीज मर्क्युरी’ नावाचे स्वतंत्र पत्र निघाले, तेही अवघ्या चार अंकांत आटोपले. तथापि व्यापारी हेतूने उघडलेले दारही दारच असते. त्यातून आत आलेल्यांना चालकाच्या हेतूशी काही कर्तव्य नव्हते.

आता उत्तरे कोण देत होते ते पाहू. पत्रावर एका ‘अथीनियन सोसायटी’चे नाव असे. धर्मशास्त्र, वैद्यक, गणित, कायदा अशा शाखांतील बारा विद्वानांचे हे मंडळ असल्याचा समज पसरविण्यात आला. १६९२ मध्ये चार्ल्स गिल्डन याने या मंडळाचा ‘इतिहास’ लिहिला, व सदस्य मेजाभोवती बसल्याचे चित्रही कोरविण्यात आले. वस्तुस्थिती अशी होती की, १० एप्रिल १६९१ रोजी झालेल्या करारावर सह्या तिघांच्याच आहेत : डंटन स्वतः, रॉयल एक्स्चेंजच्या परिसरात गणिताची शाळा चालविणारा रिचर्ड सॉल्ट, आणि सॅम्युएल वेस्ली हा धर्मोपदेशक. वेस्ली हा डंटनचा साडू होता. मेथॉडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली हा पुढे त्याच्याच पोटी जन्मला. तत्त्वज्ञ जॉन नॉरिस अधूनमधून विनामूल्य साह्य करी. एक पुस्तकविक्रेता, एक गणितशिक्षक व एक गरीब पाद्री, एवढीच ही विद्वत्सभा. वाचकाला आपले नाव झाकण्याची मुभा होती. उत्तरदात्यांनी तर आपली संख्याही झाकली होती.

हे सोंग चांगलेच वठले. जोनाथन स्विफ्ट तेव्हा चोवीस वर्षांचा होता व सर विल्यम टेंपल यांच्या आश्रयाने मूर पार्क येथे राहत होता. सोसायटी खरी मानून त्याने तिच्यावर एक प्रदीर्घ स्तोत्र रचून पाठविले. ते १६९२ मध्ये छापले गेले, आणि स्विफ्टची प्रसिद्ध झालेली ही पहिली कविता. पुढे थट्टेचा बादशहा म्हणून गाजलेला लेखक आरंभी असा फसला, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. स्वतः टेंपल यांनीही प्रश्न पाठविल्याचे व ताइतांविषयीचा प्रश्न त्यांचाच असल्याचे डंटन सांगतो. सर्वच लोक मात्र भोळे नव्हते. टॉम ब्राउन याने १६९२ मध्ये ‘लॅसिडिमोनियन मर्क्युरी’ हे प्रतिस्पर्धी पत्र काढले. अथेन्सला उत्तर स्पार्टाचेच असणार. त्यावर डंटनने जाहीर केले की, त्या पत्रातील प्रत्येक प्रश्नाचे आम्ही दुरुस्तीसह पुन्हा उत्तर देऊ, शिवाय टॉम ब्राउनचे चरित्रही छापू. ही धमकी लागू पडली असावी, कारण प्रतिस्पर्धी पत्र काही महिन्यांतच बंद झाले. एल्काना सेटल याने १६९३ मध्ये या मंडळीवर एक प्रहसन लिहिले.

उत्तरांचा दर्जा समान नव्हता. गणितातील उत्तरे सॉल्टमुळे बरी असत. निसर्गविषयक उत्तरांत देकार्त व बॉइल यांच्या विचारांशेजारी ॲरिस्टॉटलच्या नावावर चालत आलेली जुनी मतेही वावरतात. न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ १६८७ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि रॉयल सोसायटीचे कार्य तीस वर्षे चालू होते. पण मर्क्युरीचे चालक प्रयोग करीत नसत, पुस्तके चाळीत. ग्रंथांचे सार आठवड्यातून दोनदा लोकांपर्यंत पोहोचविणे हेच त्यांचे काम होते, आणि त्या मर्यादेत ते त्यांनी नेटाने केले. एखाद्या उत्तरात दोन-तीन मते देऊन त्यांपैकी एक अधिक संभवनीय वाटते असे म्हणण्याची त्यांची रीत सामान्य वाचकाला नवीन होती. प्रमाणवचन पुढे करून प्रश्न मिटविण्याऐवजी कारणे तोलून दाखविण्याचा हा परिपाठ मला त्यांच्या माहितीपेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

१६९५ मध्ये मुद्रण-परवान्याचा कायदा संपुष्टात आला आणि ‘फ्लाइंग पोस्ट’, ‘पोस्ट बॉय’ यांसारखी वृत्तपत्रे भराभर निघू लागली. बातम्यांच्या या पुरापुढे मर्क्युरीचा टिकाव लागला नाही. १६९६ च्या फेब्रुवारीत ते थांबले, १६९७ च्या मे महिन्यात पुन्हा निघाले आणि १४ जून रोजी कायमचे बंद पडले. एकूण अंक सुमारे ५८०. डॅनिएल डिफो याने १७०४ मध्ये सुरू केलेल्या ‘रिव्ह्यू’त वाचकांच्या प्रश्नांना जागा दिली व १७०८ मध्ये निघालेल्या ‘ब्रिटिश अपोलो’ने तोच कित्ता गिरविला. १८४९ मध्ये सुरू झालेल्या ‘नोट्स अँड क्वेरीज’मध्ये प्रश्न आणि उत्तर दोन्ही वाचकांचीच असत, म्हणजे मंडळाची गरजच उरली नाही.

मर्क्युरीतील निवडक प्रश्नोत्तरे ‘अथीनियन ऑरॅकल’ या नावाने १७०३–०४ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. या संग्रहात तारखा गेल्या, मागच्यापुढच्या अंकांतील वाद गेले आणि प्रश्नकर्त्याची निकड ओसरली. उरले ते कौल दिल्यासारखे उत्तर. नावातही देववाणी आली. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांचे आजचे रूप कसे घडले असावे याचा एक दुवा मला येथे दिसतो. पृच्छक काढून घेतला की प्रश्न परीक्षेचा होतो.

तरीही अशा संग्रहातून एखादा प्रश्न जिवंत बाहेर पडतो, त्याचे एकच उदाहरण देतो. काळ्या माणसांचे अंतिम दिनी पुनरुत्थान त्याच वर्णासह होईल काय, असे कोणी विचारले असता, काळा वर्ण हे वैगुण्य असून ते मागे राहील, असे उत्तर या पत्राने दिले होते. ते वाचताना आज मान खाली जाते. याच मंडळींना दुसऱ्या कोणी आफ्रिकेतील माणसांचा व्यापार न्याय्य आहे काय असे विचारले, तेव्हा मात्र त्यांनी त्या व्यापाराचा स्पष्ट निषेध केला. हे उत्तर ‘ऑरॅकल’मध्ये आले व समुद्र ओलांडून बॉस्टनला पोहोचले. तेथे सॅम्युएल स्यूअल या न्यायाधीशाने १७०० मध्ये गुलामगिरीविरुद्ध एक पुस्तिका लिहून बरेच शत्रू जोडले होते. १७०५ मध्ये त्याने हे उत्तर स्वतंत्रपणे छापवून घेतले. ज्या बंदरातील नागरिक त्या व्यापारात गुंतलेले होते, तेथे ते आता हातोहात फिरू लागले. मूळ प्रश्न कोणी लिहिला, तो व्यापारी होता की पाद्री, पुरुष की स्त्री, याची नोंद कोठेच नाही. नाव न सांगण्याची सवलत त्याने घेतली होती.