लोणारचा खड्डा आणि पृथ्वीचे सोबती

काही लहान लघुग्रह एखाद्या ग्रहाच्याच कक्षेतून सूर्याभोवती फिरतात. ग्रहाच्या साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे त्यांना टिकून राहण्याजोगी जागा असते, हे लग्रांजने १७७२ मध्ये गणिताने दाखवले. गुरूच्या कक्षेतला असा पहिला लघुग्रह, अकिलीस, हायडेलबर्गच्या मॅक्स वोल्फला १९०६ मध्ये सापडला. आज गुरूचे असे सोबती दहा हजारांवर गेले आहेत. पृथ्वीचे मात्र दोनच ठाऊक आहेत. एका वाटेवर चालणारे कधीतरी आदळणारच, असे वाटणे साहजिक आहे. पण दोघांनाही फेरीला सारखाच वेळ लागत असल्याने त्यांच्यातले अंतर सांभाळले जाते. खरी भीती पृथ्वीची वाट आडवी ओलांडणाऱ्यांची. तसल्या एका दगडाने काय केले, ते वऱ्हाडातच पाहायला मिळते.

अमरावतीजवळच्या वलगावपासून नैर्ऋत्येला, सरळ रेषेत दीडशेहून अधिक किलोमीटरवर, बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, जवळजवळ दीडशे मीटर खोल, आणि तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी. पुराणकथेत ही लोणासुराची जागा. त्याला मारणाऱ्या विष्णूचे दैत्यसूदन मंदिर गावात उभे आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद येते ती वेगळ्या कारणाने: काच आणि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो म्हणून. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठावर खाराचे थर उघडे पडत. ते गोळा करून प्रतवारी होई आणि दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशा नावांनी माल विकला जाई. बांगड्यांची काच, साबण, कापडाचा रंग पक्का करणे, पापड, अशा कामांना तो लागे. खड्डा कशाने पडला, याची या व्यापाराला कधी गरज पडली नाही.

तो प्रश्न इंग्रजी अमलात आला. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या अधिकाऱ्याने सरोवराची नोंद केली आणि पुढे जवळजवळ दीडशे वर्षे बहुतेक भूवैज्ञानिक ज्वालामुखीचीच कारणे देत राहिले. त्यांना दोष देता येत नाही. वलगावच्या पेढी नदीपासून लोणारपर्यंत साऱ्या मुलखाच्या तळाशी बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. ज्वालामुखीच्या दगडात गोल खड्डा दिसला तर ज्वालामुखीच आठवणार. १८९६ मध्ये गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाला लोणार आणि ॲरिझोनातला खड्डा सारखे वाटले, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. गंमत म्हणजे ॲरिझोनाचा खड्डाही त्याने वाफेच्या स्फोटाच्याच खाती टाकला होता. आज ते दोन्ही खड्डे अशनीचे मानले जातात.

निकाल काचेने लावला. तळातल्या गाळाच्या थराखाली छिद्रे पाडली तेव्हा चुरा झालेला बेसाल्ट वर आला आणि त्यात मास्केलिनाइट सापडले. बेसाल्टमधल्या फेल्डस्पारला हवेच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाबाचा झटका बसला की तो न वितळताच काचेसारखा होतो; स्फटिकाचा बाहेरचा आकार तसाच राहतो, आतली रचना मात्र मोडते. असा झटका कोणताही ज्वालामुखी देऊ शकत नाही. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकन सहकाऱ्यांनी हा पुरावा १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडला. एवढा खड्डा पाडायला साधारण शंभर मीटरचा दगड पुरतो. वयाचा वाद मात्र लांबला: आधीच्या मोजणीने ५२ हजार वर्षे दिली, २०११ मध्ये आरगॉन पद्धतीने ५ लाख ७० हजार वर्षे आली. दुसरा आकडा जास्त भरवशाचा दिसतो.

चंद्राच्या काळ्या मैदानांतला दगडही बेसाल्टच. म्हणून चंद्रावरची विवरे समजून घ्यायला लोणारचा अभ्यास होतो. अशाच विवरांशी पृथ्वीच्या एका वेगळ्या प्रकारच्या, त्या दोघांत न मोडणाऱ्या सोबत्याचा संबंध लागला आहे. २०१६ मध्ये हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने शोधलेला कामोओआलेवा ४० ते १०० मीटरचा असून, वर्षभरात सूर्याभोवती फिरताना तो पृथ्वीला फेरी घालतो असे इथून भासते. पण तो चंद्राच्या अंतराच्या ३८ पटींहून जवळ येत नाही. त्याचा प्रकाश चंद्राच्या दगडांसारखा असल्याचे २०२१ मध्ये दिसले. २०२४ च्या एका अभ्यासाने तो चंद्राच्या २२ किलोमीटर रुंद जोर्दानो ब्रुनो विवरातून उडालेला तुकडा असावा, असे मांडले. हे खरे असेल तर तो लघुग्रहाच्या टकरीतून उडालेला, पण पृथ्वीवर न कोसळता तिच्या वाटेला लागलेला दगड ठरतो. त्याचा नमुना आणायला चीनचे त्यानवेन-२ यान मे २०२५ मध्ये निघाले आहे.