घोडा बघायला कोण येतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या 'प्रेक्षणीय स्थळां'ची यादी छापली जाते तेव्हा तोरणमाळ, प्रकाशा, सारंगखेडा, उनपदेव ही नावे एकाच ओळीत बसवलेली असतात. जणू चारही ठिकाणी माणसे एकाच कामासाठी जातात. पण मार्गशीर्षात कळसाडीसारख्या गावातून सारंगखेड्याला निघालेला माणूस 'फिरायला चाललो' म्हणत नाही, 'यात्रेला चाललो' म्हणतो. यात्रेत दर्शन असते, नवस असतो, बाजार असतो, सोयऱ्यांच्या गाठीभेटी असतात. बघणे त्यात आपोआप होऊन जाते. माझे म्हणणे एवढेच की तापीकाठची ही ठिकाणे बघण्यासाठी म्हणून घडलीच नाहीत. माणसे कामाने आली, आणि येता-जाता जे नजरेस पडले ते पुढे प्रेक्षणीय ठरले.

याची साक्ष जुन्या प्रवाशांकडेच मिळते. चौदाव्या शतकात दौलताबादहून खंबायतकडे जाताना इब्न बतूता नंदुरबारला आला. त्याने टिपून ठेवले ते इथल्या मराठ्यांचे कसब, त्यांच्यातले वैद्य आणि ज्योतिषी, त्यांचे भात-भाजी नि तिळाच्या तेलाचे जेवण, जेवणाआधी अंग धुण्याची रीत. सतराव्या शतकात सुरत-बुऱ्हाणपूर वाटेवरून जाणारा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये नवापूरला थांबला, तेव्हा विणकरांचा उल्लेख करून तो रमला तांदळात. दाणा नेहमीच्या तांदळाच्या निम्मा, शिजल्यावर बर्फासारखा पांढरा, वास कस्तुरीचा. इराणात कुणाला खूश करायचे तर या तांदळाची गोणी न्यावी, असे तो लिहितो. सातपुडा दोघांच्याही वाटेपासून फार दूर नव्हता, पण त्यांची लेखणी अडली ती माणसांपाशी आणि मालापाशी. व्यापाऱ्याला मालच दिसणार, असे कुणी म्हणेल. खरे आहे, पण मग ही वाट बांधली कुणी आणि जिवंत ठेवली कुणी, याचेही उत्तर त्यातच आले. प्रकाशाला तर हे जमिनीखालीच दिसते. तापी-गोमाईच्या संगमावरचे पांढरीचे टेकाड 1955 मध्ये बी. के. थापर यांनी खणले, तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगीन वस्ती लागली: माळवा धाटणीची रंगवलेली मडकी, त्यांच्यावर जोर्वे धाटणीची, आणि त्याहून वर लोखंड वापरणाऱ्यांचे थर. प्रकाशाला मिळालेले दक्षिण काशी हे नाव फार नंतरचे. आधी पाणी होते, काळी जमीन होती. देव वस्तीच्या मागून आले असे म्हटले तर भाविकांनी रागावू नये. तिथल्या केदारेश्वराचे महत्त्व त्याने उणावत नाही.

सारंगखेड्यात हेच आजही उघड्यावर चालते. दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या अंगाने घोड्यांचा बाजार. गिऱ्हाईक आधी घोड्याचा जबडा उघडून दात बघतो, म्हणजे वय कळते. मग भोवरे शोधतो, कारण गळ्यावरचा देवमण शुभ आणि भलत्या जागचा भोवरा आला की किंमत पडते. नुकरा, अबलख, कुमैत, पंचकल्याण हे शब्द तिथे रंगाच्या कौतुकाचे नसतात, सौद्याचे असतात. शेवटी रेवाल चाल: पाठीवरचा स्वार हिंदकळता कामा नये.

यावर मोठा आक्षेप असा की आता घोडा लढाईलाही लागत नाही नि प्रवासालाही. तो लग्नाच्या वरातीला नि हौसेला लागतो. शिवाय यात्रेच्या जोडीने भरणाऱ्या चेतक फेस्टिव्हलचे तंबू, शर्यती, घोड्यांचे नाच आल्यापासून यात्रेचा खेळच झालेला नाही का? इथे थायलंडातल्या सुरिन या शहराकडे बघावे. तिथले कुई लोक रानटी हत्ती पकडून माणसाळवत. 1960 मध्ये त्याच प्रांतात हत्तींचा मेळा भरवला गेला, आणि आज लोक सुरिनला जातात ते तो बघायला. पण रानातली हत्तीधरणी संपली आणि तिचे प्रात्यक्षिक उरले; विकणारा-घेणारा उरला नाही, प्रेक्षक उरला. सारंगखेड्यात तसे झालेले नाही. हौस का असेना, पैसे मोजणारा हात आहे, आणि तो आहे म्हणून मारवाडी-काठियावाडी घोडे लांबून आणले जातात. तंबूत उतरणारा पाहुणा त्या व्यवहाराचा फुकटचा साक्षीदार आहे. त्याची सोय करावी, जरूर करावी. फक्त बाजाराची जागा आखडून नको.

तोरणमाळ मात्र माझ्या मांडणीला अडचणीचे आहे. अकराशे मीटरहून उंच पठार, यशवंत तलाव, सीताखाईचा कडा. इथे माणूस निव्वळ बघायला जातो, हे मान्य करावेच लागते. पण महाबळेश्वरसारखी गर्दी तिथे रोज नसते. ती होते महाशिवरात्रीला, गोरखनाथाच्या यात्रेला. त्या दिवशी मध्य प्रदेश-गुजरातेतूनही लोक डोंगर चढून येतात, आणि सीताखाईच्या कठड्याशी त्यांतले फार थोडे थांबतात.